पाऊण फेरा

नेपरव्हिल, इलिनॉय
१४ जून २००४

प्रिय मोरू,

'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि खोडलं. तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, तेव्हा आशीर्वादही चालत नाहीत. चौतीस वर्षं न बोललेल्या मित्राला पत्र कसं लिहायचं, हे सांगलीच्या तंत्रशाळेत आपल्याला कुणी शिकवलं नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

तुझा पत्ता सीमाकडून मिळाला. इथल्या मंडळाच्या पिकनिकला भेटली, माहेर पार्सिपनीचं. मी इंग्लंडात गाड्यांच्या कारखान्यात होतो म्हटल्यावर म्हणाली, "अय्या, आमच्याकडचे मोरेश्वरकाका पण तेच करायचे! आणि फनी म्हणजे ते स्वतः ड्राइव्हच करत नाहीत. ग्रोसरीला जायचं तरी नंदाकाकूंनी राइड द्यायची." सगळे हसले, मीही हसलो. अरे लेका, अमेरिकेत राहून गाडी चालवत नाहीस? ज्याने एवढ्या गाड्या स्वतःच्या हातांनी जोडल्या, तो भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बायकोच्या शेजारी बसतो? वहिनींना विचार, तुला सीटबेल्ट तरी स्वतः लावता येतो ना?

माझं सांगतो. प्रतिमा तीन वर्षांपूर्वी गेली. प्रसादने मला कॉव्हेंट्रीतून उचलून इकडे आणलं. सून दीपा, नात सावनी पाच वर्षांची. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं उत्तम चाललंय.

आता खरी बातमी. गेल्या रविवारी गावात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. त्या लांबलचक अमेरिकन धुडांच्या मधोमध आपली खंड्या उभी! ऑल्डरिज किंगफिशर, निळी, साल सहासष्ट. मालक डॉन, दातांचा निवृत्त डॉक्टर. त्याला म्हटलं, डावं दार उघड आणि आतल्या लाकडी पट्टीच्या मागे बोटं फिरव. त्याने फिरवली. आपण कोरलेले म आणि मो. त्याला इतकी वर्षं वाटत होतं, लाकडाला कीड लागलीय.

खुशालीच्या दोन ओळी लिही. जुनं काही उकरण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाहीये.

तुझा,
मनोहर

२ ऑगस्ट २००४

प्रिय मोरू,

उत्तर नाही. ठीक आहे. तू रागावलेला असणार हे धरूनच मी लिहायला बसलो होतो.

अमेरिकेत एकोणीस खंड्या शिल्लक आहेत आणि त्यांच्या मालकांचा एक क्लब आहे. ही मंडळी आपल्या कंपनीचा इतिहास छापताहेत. डॉनने कारखान्याचं प्रकरण माझ्याकडे दिलंय. नोव्हेंबरात त्यांचं जेवण आहे, त्यात मी प्रमुख पाहुणा. माझ्या परिचयात त्याने लिहिलंय, 'हयात असलेला एकमेव कामगार'. आणखी एक आहे असं सांगायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात दीपा चहा घेऊन आली आणि विषय बदलला.

लिहिताना मजा येतेय, खोटं कशाला बोलू. थोरले ऑल्डरिज पाववाल्यांसाठी व्हॅन बनवायचे, कालव्याकाठच्या मोज्यांच्या बंद गिरणीत. धाकट्याला शर्यतीच्या गाड्यांचं वेड. बापाने अर्धी शेड दिली आणि सांगितलं, व्हॅनच्या कामात अडथळा आणायचा नाही. त्या अर्ध्या शेडमध्ये तीनशे अकरा खंड्या झाल्या. एकूण सेहेचाळीस माणसं. सरकता पट्टा वगैरे काही नाही, एक गाडी दोन माणसांनी पहिल्या बोल्टपासून शेवटच्या रंगापर्यंत करायची. आपल्या जोडीला ते 'बॉम्बे ड्युएट' म्हणायचे आणि तू दर वेळी सांगायचास, बॉम्बे नाही, सांगली. हे सगळं मी लिहिलंय. मापं आपण मराठीत बोलायचो तेही लिहिलंय. तू म्हणायचास, या बिचाऱ्या लोकांकडे दीड नाही, अडीच नाही, पावणेदोन नाही, यांनी साम्राज्य कसं चालवलं? मी तपासनीस झालो, पांढरा कोट मिळाला, तरी आपली जोडी मोडली नाही. मी कागद वाचायचा, तू पाना फिरवायचास.

पुस्तिकेत अपघाताचा एक परिच्छेद आहे. तो डॉनने जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांवरून लिहिलाय. तुला माहीत असावा म्हणून उतरवून पाठवतो. 'सप्टेंबर १९७० मध्ये नव्या गाडीच्या चाचणीत पुढचं चाक निखळलं आणि कंपनीचा चालक रेग पिकरिंग जागीच गेला. इंग्रजी नीट न येणाऱ्या एम. कुंटे या भारतीय फिटरने चाकाचा नट सांगितल्यापेक्षा जास्त सैल सोडला होता. त्यानंतर अमेरिकेतल्या मागण्या रद्द झाल्या आणि दीड वर्षात कंपनी बंद पडली.' हा मजकूर तपासून मी सही करून द्यायची आहे. अजून दिलेली नाही.

माझं म्हणणं तुला ठाऊकच आहे. नट पूर्ण आवळायचा आणि मग पाव फेरा मागे सोडायचा. शेडमध्ये पत्रा कापायचं यंत्र धडधडत होतं. मी पाव म्हणालो, तू पाऊण ऐकलंस. कुणाच्याही हातून व्हावी अशी गोष्ट. मी तुला कधी दोष दिला नाही, तेव्हाही नाही.

दोन ओळी लिही रे.

मनोहर

२२ सप्टेंबर २००४

मोरू,

आज तारीख काय आहे ते तुला सांगायला नको. घरी दीड दिवसाचा गणपती होता, रविवारी विसर्जन झालं. आरतीत सावनी टाळ्या वाजवत होती आणि मला रेग आठवत होता. तुझ्या डब्यातलं थालीपीठ खाऊन तोंड पोळलं तरी 'मॉरिस, वन मोर' म्हणणारा. मोरेश्वर म्हणता येईना म्हणून त्याने तुला मॉरिस केलं होतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी तुला दोष दिला नाही. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत ते वाक्य मला टोचत राहिलं. खाई त्याला खवखवे. डॉनचे दोन फोन येऊन गेले, सही झाली का म्हणून. मी चष्म्याचा नंबर बदलल्याचं सांगितलं.

चौकशीच्या दिवशी तू तुझा एकुलता कोट घालून उभा होतास. मोडक्या इंग्रजीत सांगितलंस, "ही से पाऊण. आय आस्क अगेन. ही से पाऊण." त्या अधिकाऱ्याला काही कळेना. तो भला माणूस होता. त्याने मला विचारलं, तुमच्या भाषेत क्वार्टरला आणि थ्री-क्वार्टर्सला काय म्हणतात ते सांगा. मी सांगितलं. त्याने स्वतः दोनतीनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाला, मला तर हे दोन्ही सारखेच ऐकू येतात. गोंगाटात एकाच्या जागी दुसरा ऐकू येऊ शकेल का?

मोरू, त्याने दार सताड उघडून दिलं होतं. मी 'हो' म्हणालो असतो तर आपण दोघेही सुटलो असतो. यंत्राचा आवाज, सारखे शब्द, दुर्दैव. पण मला पुढचा प्रश्न दिसत होता. मग तुम्ही इंग्रजीत का नाही सांगितलंत? तपासनिसाने सूचना इंग्रजीतच द्यायची असा कारखान्याचा नियम होता आणि त्यावर माझी सही होती. प्रतिमाला सहावा महिना होता. पांढरा कोट मिळून वर्ष झालं नव्हतं. मी म्हणालो, "नो सर. इट इज इम्पॉसिबल. मराठी बोलणारं लहान मूलसुद्धा यात चुकणार नाही."

पाव आणि पाऊण! आपल्या आया बाजारात दोनदा विचारून घ्यायच्या.

एवढं मी मान्य करतो. पण मी त्या दिवशी पाव म्हणालो होतो, हे खरं आहे.

मनोहर

१३ ऑक्टोबर २००४

मोरू,

काल नंदावहिनींचं पत्र आलं. त्यांनी ते तुला न दाखवता पाठवलंय असं लिहिलंय, म्हणून त्यातलं थोडं इथे उतरवतो. तुझ्या घरात माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते मला कळलंय, हे तुलाही कळायला हवं.

'हे स्वतः लिहीत नाहीत. कागद पुढे घेतात आणि उठून बागेत जातात. तुमची तिन्ही पत्रं त्यांनी वाचली, पहिलं तर चार वेळा, आणि सीटबेल्टचं वाचून मोठ्याने हसले. तुमच्यावर राग आहे असं तुम्हाला वाटतं याचं त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, राग कसला? माझ्यामुळे रेग गेला, सेहेचाळीस माणसं घरी बसली आणि मन्याला माझ्या विरोधात उभं राहावं लागलं. त्याला ते किती जड गेलं असेल. मी कुठल्या तोंडाने त्याला पत्र लिहू?

'तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. इकडे आल्यावर यांनी तीन डॉक्टरांना कान दाखवले. तिघांनी सांगितलं, कान उत्तम आहेत. हे म्हणाले, त्यांच्या यंत्राला काय कळतं? मला पाऊण स्पष्ट ऐकू आलं होतं, दोनदा. आणि मनोहर शपथेवर खोटं बोलणार नाही. म्हणजे जे कुणी बोललंच नाही ते मला ऐकू येतं. अशा माणसाने स्टिअरिंगला हात लावू नये. पाना तर त्यांनी पुन्हा हातात धरलाच नाही. बत्तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली. आमच्या शंतनूला एकशे तीन ताप होता तेव्हाही शेजाऱ्यांना उठवलं, पण गाडीत बसले नाहीत. अजून मी काही सांगितलं की विचारतात, हेच म्हणालीस ना?

'त्यांचं एवढंच म्हणणं आहे की त्या कागदावर तुम्ही खुशाल सही करा, त्यात खोटं काही नाही. आणि जमलं तर त्यांना माफ करा.'

मी हे पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. दीपाने विचारलं, "बाबा, काय झालं? कुणी गेलं का?" मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

मोरू, मी पाऊण म्हणालो होतो.

सकाळभर मी व्हॅनवर होतो. पाववाल्यांच्या व्हॅनचा नट पाऊण फेराच सोडावा लागायचा, ते मापच वेगळं होतं. डोक्यात तेच घोळत होतं. खंड्याचा कागद माझ्या हातात होता आणि मी तो पाहिलाच नाही. सवयीने म्हणालो, पाऊण. तुझा हात थांबला. तू गाडीखालून डोकं काढून विचारलंस, "पाऊण?" मी वैतागलो होतो. म्हणालो, "हो रे बाबा, पाऊण. बहिरा झालास का?"

हेच शब्द. गेली चौतीस वर्षं मी ते कुणापुढे उच्चारले नाहीत, प्रतिमापुढेसुद्धा नाही.

मला कळलं कधी, असं विचारशील. त्याच दुपारी. रेगला नेलं, मी कागद काढून पाहिला आणि मला सगळं कळलं. म्हणजे चौकशीत मी गोंधळलेलो नव्हतो. मला ठाऊक होतं आणि मी खोटं बोललो. तू समोरच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होतास. मला वाटलं होतं, तू चिडशील, माझी गचांडी धरशील, सगळ्यांना ओरडून सांगशील. तू मान खाली घातलीस आणि उजवा कान चोळलास. मी ते पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला काल कळला.

मी समजत आलो की तू मला शिव्या देत कुठेतरी जगतो आहेस. त्यातच मला समाधान होतं. माझी शिक्षा तू मला परस्पर देतो आहेस, मग मी वेगळं काही करायला नको. आणि तू मात्र माझ्यावर विश्वास ठेवून बसलास. स्वतःच्या कानांपेक्षा जास्त! अरे, कुणी सांगितला होता एवढा विश्वास ठेवायला?

पहिल्या पत्रात मी तुझी थट्टा केली. ते पान तू चारदा वाचलंस, हे आठवलं की मला माझाच हात तोडावासा वाटतो.

मनोहर

२८ ऑक्टोबर २००४

मोरू,

तुझ्याकडून काही नाही. बरोबर आहे. तरी झालेलं कळवतो.

आधी प्रसादला सांगितलं. तो लॅपटॉप मिटून ऐकत होता. म्हणाला, "बाबा, इट वॉज थर्टी-फोर इयर्स अगो. आता कोण विचारतंय?" मी म्हटलं, पार्सिपनीतला एक माणूस रोज विचारतोय. त्याने लॅपटॉप बाजूला सारला. मग म्हणाला, "यू लाइड इन कोर्ट? माझ्यासाठी?" मी म्हटलं, तुझं नाव मी पुढे केलं एवढंच, केलं ते माझ्यासाठी. तेव्हापासून तो माझ्याशी नीट वागतो, पण विचार करून बोलतो. घरातल्या माणसाने विचार करून बोलणं किती लागतं ते मला आता समजतंय.

मग डॉन. त्याच्या दिवाणखान्यात बसून सांगितलं. त्याला पाव आणि पाऊणची गंमत वाटायला लागली होती, ती मधेच थांबली. परिच्छेद त्याने बदललाय. 'तपासनीस मनोहर साने यांनी चुकीचं माप सांगितलं. फिटर मोरेश्वर कुंटे यांनी ते पुन्हा विचारून खात्री करून घेतली होती. चौकशीत साने यांनी हे लपवलं.' तुझं पूर्ण नाव मी लिहायला लावलं. सही केली आणि त्याच कागदाची एक प्रत रेगच्या बहिणीला पाठवली, ती अजून त्याच गावात आहे. तिचंही उत्तर आलेलं नाही. जेवणाला मी येऊ नये, असं डॉन म्हणाला नाही. पण आमंत्रणपत्रिकेची नवी प्रत आली, तिच्यावर पाहुण्याचं नाव नाही.

वहिनींच्या पत्रावर फोन नंबर आहे. येत्या सात तारखेला, रविवारी सकाळी अकराला, मी फोन करीन. उचलायचा नसला तर उचलू नकोस.

मनोहर

८ नोव्हेंबर २००४

मोरू,

काल तू फोन उचललास. मी आठ-दहा वाक्यं पाठ करून ठेवली होती, त्यातलं एकही तू बोलू दिलं नाहीस. तुझा आवाज तोच आहे, फक्त सावकाश झालाय. तू म्हणालास, "पत्र वाचलं. वाचलेलं नको. तोंडाने सांग. काय म्हणाला होतास?"

मी म्हणालो, "पाऊण."

तू म्हणालास, "परत सांग."

मी परत सांगितलं.

"आणि मी विचारलं होतं ना तुला? परत विचारलं होतं ना?"

"हो. विचारलं होतंस."

पुढे तू माझ्याशी बोलला नाहीस. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तुला वाटलं असेल की फोन बंद झाला. तो चालू होता. मी कान लावून उभा राहिलो. मला ऐकायचा हक्क नव्हता, तरी ऐकलं, आणि ते तुला सांगायला हवं म्हणूनच हे पत्र. यापुढे मी तुला न सांगता काही ठेवणार नाही. यानंतर लिहिणारही नाही.

तू आत हाका मारत गेलास. "नंदा, अगं ए नंदा, माझे कान चांगले होते गं! पहिल्यापासून चांगले होते." लहान मुलासारखा ओरडत होतास. काहीतरी झालं असं वाटून वहिनी धावत आल्या. तू तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिलास आणि रडायला लागलास. त्याही रडत होत्या. मग त्यांना टेबलावरचा फोन दिसला असावा. त्या म्हणाल्या, "अहो, हा चालूच आहे. कोण आहे फोनवर?"

तू म्हणालास, "कुणी नाही."

मनोहर